मिरजेला दिलेले शॉक

उंब्रजला माझं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. शॉक हा शब्द दिवसभर कानावर पडतो. कुणी म्हणतं, स्टार्टर शॉक मारतोय. कुणाच्या मोटरसायकलचे शॉक गेलेले असतात. एकजण पोराचा निकाल बघून शॉक झालेला, दुसरा सोयाबीनचा भाव ऐकून. मीही हसतो. बोटं भाजून घेतलेला माणूस मी, मला या शब्दाची कसली भीती?

पण एक शॉक मी बारा वर्षं तोंडातून काढला नाही.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर बायको बोलायची थांबली. मग जेवायची थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. देवऋषी झाला, अंगारा झाला, शेवटी मिरजेला दवाखान्यात नेलं. तिथं भूल देऊन डोक्याला शॉक दिले, एक दिवसाआड. तिला आत नेताना तिनं माझा हात धरला होता. तो सोडवून मी बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन उभा राहिलो. दर वेळी. काही दिवसांनी ती उठून बसली आणि म्हणाली, "म्हशीला पाणी दावलं का?"

गावात मी टायफॉइड सांगितला. पुढंही गोळ्या चालू होत्या. त्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून दुकानात कपॅसिटरच्या खोक्यात ठेवायचो आणि रोजची गोळी खिशातून घरी न्यायचो. मला उशीर झाला की ती वाट बघत जागी बसायची. हळदीकुंकवाला जायला निघाली की मी म्हणायचो, जास्त बोलत बसू नको. ती बसायची नाही.

मागच्या महिन्यात थोरलीला बघायला कुंडलचे पाहुणे आले. मुलाचे चुलते मिलिटरीतून रिटायर झालेले. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला काय आजारपण? बुरा मत मानो, इचारावं लागतं."

मेव्हणा माझ्याआधी बोलला. "छ्या. आमच्या भनीला मागं टायफॉइड झालता, तेवढाच."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

"टायफॉइड नव्हता," मी म्हणालो. "डोक्याला शॉक दिलते. मिरजेला. अजून गोळ्या चालू हायत."

मेव्हण्यानं पोह्यांची ताटली खाली ठेवली. चुलते म्हणाले, "म्हंजे ते... डोक्याच्या दवाखान्यातलं?"

"व्हय. तेच."

"आन आता कशा हायती?"

बायको पुढं आली, त्यांच्यासमोर कप ठेवला. "आवं पावणं, आदी चा पिऊन बगा. मग इचारा."

चहा सगळ्यांनी पिला. "कळवतो," म्हणाले आणि गेले. गाडी वळायच्या आत मेव्हणा सुरू झाला. "दाजी, पोरीचं वाटुळं केलंसा. कुणी खरं इचारलं हुतं?"

"त्यांनीच की रं मामा," पोरगी म्हणाली. "तूच खोटं सांगितलंस."

कुंडलहून काही कळवलं नाही. मेव्हणा अजून बोलत नाही. बायकोला मी म्हणालो, स्थळ गेलं. ती भाकरी थापत होती. "स्थळाचं सोडा," ती म्हणाली. "दवाखान्यात पडले हुते मी, आन लाज तुमी सांभाळत बसलासा. मला इचारलं का कवा?"

नाही विचारलं. पण पोरीचं स्थळ मोडलं म्हणून जे मला वेड्यात काढतात, त्यांना ऐकू जावं म्हणून हे लिहिलंय. माझ्या बायकोला शॉक दिले. त्यानं ती बरी झाली. तिला विचारूनच हे छापायला देतोय. ज्यांना आमची पोरगी बघायला यायचं असेल त्यांनी हे वाचून यावं. पोहे तिची आईच करणार आहे.