ताईचा बस्ता

आम्ही नवीन पनवेलला राहायला गेलो आणि दोन-तीन वर्षांत आमचं घर म्हणजे नातेवाइकांची धर्मशाळा झाली. मुंबईला खरेदीला यायचं, पण उतरायचं कुठे, हा सगळ्यांचा प्रश्न आमच्यामुळे सुटला होता. तेव्हा पनवेलला लोकल आली नव्हती. सकाळची एसटी धरून दादरला जायचं आणि संध्याकाळी पिशव्या सांभाळत परत यायचं. पाहुण्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असे. मी बावीस वर्षांची होते, बेलापूरला एका ऑफिसात टायपिस्ट होते, आणि मुंबईत कुठे काय मिळतं ते मला पाठ होतं. शालू-साड्या दादरला, ब्लाउजपीस मंगलदास मार्केटात, बांगड्या नि पूजेचं सामान भुलेश्वरला. या माहितीचा मला फार अभिमान वाटायचा.

त्या वर्षी थंडीत ताई आली. ताई म्हणजे माझी मामेबहीण, माणगावजवळच्या गावात बालवाडीत शिकवायची. वय चौतीस. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती भावाकडे राहत होती. तिचं लग्न एकदाचं जमलं होतं. मुलगा, म्हणजे माणूसच, खोपोलीच्या पुढचा. पहिली बायको गेलेली, एक मुलगा, एक मुलगी. बस्ता मुंबईचाच हवा, असं त्यांच्याकडून बजावून सांगितलेलं. आई म्हणालीसुद्धा, "अगं, पनवेलच्या बाजारात काय कमी मिळतं?" पण ताईबरोबर आलेली तिची वहिनी म्हणाली, "नको आत्या. त्यांनी पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचलं तर?"

दादरच्या दुकानात आम्ही तिघी गादीवर बसलो. विक्रेत्याने एकामागून एक शालू उलगडले. मग एक डाळिंबी रंगाचा शालू उचलून त्याने सरळ माझ्या खांद्यावर टाकला. "नवरीला खुलून दिसेल!" तो म्हणाला.

"नवरी ही," वहिनी म्हणाली.

त्याने ताईकडे पाहिलं, शालू माझ्या खांद्यावरून काढला, आणि घडी न घालताच बाजूला ठेवला. मग फिकट रंगांचा गठ्ठा पुढे ओढला. ताई हसली. "डाळिंबीच द्या," ती म्हणाली. त्या दिवशी तिने स्वतःच्या मनाने घेतलेली वस्तू ती एवढीच.

मुलांचे कपडे घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मुलगी केवढी आहे?" मुलांना ताईने एकदाच, दारामागे उभं असलेलं पाहिलं होतं. तिने हाताने कमरेच्या वर अंदाजाने उंची दाखवली. "एवढी असेल." एक निळा फ्रॉक घेतला.

भुलेश्वरला वहिनी बांगडीवाल्याशी घासाघीस करत होती. ताईने मला हाताला धरून बाजूला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्यांचं घर बघायला गेलो होतो ना, तेव्हा मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. शेजारची एक बाई होती. ती म्हणाली, पयली जळून मेली. इस्टोचा भडका उडाला म्हनतात. तुमी इचार करा."

मी पिशव्या पायांजवळ ओढून घेतल्या.

"मला हे लग्न नको. दादाला मी सांगू शकत नाही. वहिनी तुझं ऐकते. तू सांग तिला. आज, इथेच."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ताई, लोक काहीही बोलतात गं. आणि आता तर सगळा बस्ता झालाय."

खरं सांगायचं तर माझे पाय दुखत होते, परतीची एसटी चुकेल याची धास्ती होती आणि वहिनीशी वाईटपणा घ्यायची माझी तयारी नव्हती. चौतिसाव्या वर्षी जमलेलं लग्न मोडलं तर पुढे काय, असाही शहाणा विचार मी केला. ताईने माझा हात सोडला. मग तिघींनी बांगड्या घेतल्या.

दीड वर्षाने एका रविवारी दुपारी ताई आमच्या दारात उभी होती. बरोबर नवऱ्याची ती मुलगी; मुलगा बापाकडेच राहिला होता. ताईचा उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला.

"गरम आमटी," ती म्हणाली. कुणी ओतली ते आईने विचारलं नाही.

घरातला गॅस संपला होता म्हणून आईने चहासाठी स्टो काढला. पंप मारल्याचा आवाज आला तशी मुलगी उठली आणि जिन्यात जाऊन बसली. ताई हळूच म्हणाली, "तिला स्टोचा आवाज सहन होत नाही. तेव्हा ती घरातच होती."

दोघी चार दिवस आमच्याकडे होत्या. मुलगी ताईला सोडून हलायची नाही. आंघोळीलाही ताई दाराशी बसलेली हवी. दुखऱ्या हाताला धक्का लागू नये म्हणून ती कायम ताईच्या डाव्या बाजूला झोपायची. तिला ताईने लिहायला शिकवलं होतं. माझ्या ऑफिसातून आणलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर ती दिवसभर अक्षरं गिरवायची.

पाचव्या दिवशी तो आला. बरोबर ताईचा भाऊ. तो माणूस चढ्या आवाजात बोललाच नाही. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पोर माझी आहे. न्यायला आलोय."

ताईने माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील कचेरीत नोकरीला होते, कायदा जाणणारे म्हणून त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "पोरगी बापाचीच. आपल्याला अडवता येणार नाही."

"आणि मी?" ताईने विचारलं.

"यायचं तर ये," नवरा म्हणाला. "नाहीतर तुझं तू बघ."

ताई गेली नाही. भाऊ तिला दुखऱ्या हाताला धरून उठवायला लागला तेव्हा आई मध्ये पडली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथेच उभी राहिले.

मुलगी रडली नाही. तिने आपल्या चपला घातल्या, उलट्यासुलट्या. ताई खाली वाकली, एका हाताने तिच्या चपला काढल्या, बदलून घातल्या, आणि बाजूला झाली.

ताई मग पनवेललाच राहिली. पलीकडच्या सेक्टरात एका बालवाडीत लागली आणि जवळच एक खोली घेतली. मी एकदाच तिच्याकडे विषय काढला. ती शेंगा निवडत होती. "मी तेव्हा वहिनीला सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"हवं होतं," ती म्हणाली. एवढंच. माझ्यापुढे शेंगांचं ताट सरकवलं.

शाळा सुरू झाल्यावर ती एकटी खोपोलीला जाऊन आली. मधल्या सुट्टीत मुलीच्या शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिली. मुलगी दिसली नाही. दुसऱ्यांदा मी तिच्याबरोबर गेले. बाई वर्गातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिचं नाव काढलंय. वडील दाखला घेऊन गेले."

"कुठल्या शाळेत घातलं?" ताईने विचारलं.

"तुम्ही तिच्या कोण?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आई आहे."

बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मग तुम्हालाच ठाऊक असायला हवं," त्या म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. आत मुलं पाढे म्हणत होती. आम्ही स्टँडवर आलो, पनवेलची एसटी लागली होती. खिडकीकडची जागा ताईने मला दिली.