झोपेत मास्क काढणारी बाई

सहावीची चाचणी परीक्षा चालू असताना मला वर्गात झोप लागली. डोळे उघडले तेव्हा मुख्याध्यापिकाबाई समोर उभ्या होत्या आणि एरवी खिडकीतल्या चिमणीवरूनही हसणारी पोरं खाली माना घालून बसली होती. बाई मला ऑफिसात घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही घोरत होतात. शेजारच्या वर्गात ऐकू आलं."

मनवेलपाड्याच्या त्या शाळेत मी तेवीस वर्षं मराठी शिकवत होते. माझ्याविषयी असं काही कुणी बोलेल असं कधी वाटलं नव्हतं. घरी मात्र माझं घोरणं हा जुना विनोद होता. चंदनसारला आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन लिफ्ट बसवली आणि तिचा आवाज यायला लागला, तेव्हा माझा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "लिफ्ट नाही ती, आमची ही झोपलीय." सगळे हसायचे. मीही हसायचे. बाईमाणसानं घोरावं याची लाज हसण्यात लपून जायची.

वसईच्या एका हॉस्पिटलमध्ये अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्लीप ॲप्निया. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, मग शरीर दचकून स्वतःला जागं करतं. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, फक्त सकाळी डोकं जड. उपाय एकच. तोंडावर मास्क लावून झोपायचं आणि एक मशीन त्या मास्कातून रात्रभर हवा सोडत राहणार, म्हणजे वाट मिटणार नाही.

मास्क घरी आला तेव्हा वाटलं, एवढंच ना. पहिल्या रात्री दहा मिनिटांत मी उठून बसले. कुणी तोंडावर हात दाबून धरलाय आणि वर फुंकरही मारतंय, असं काहीतरी. पट्टे सैल केले तर कडेनं हवा निसटून डोळ्यांत जायची, डोळे कोरडे पडायचे. घट्ट केले तर नाकाच्या दांडीवर वळ उठायचा. आठवड्यात तिथली कातडी सोलवटली. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी मारलं का?" मी म्हटलं, "चष्मा नवीन आहे."

पण मी चिकाटीची आहे. पहाटे पोट हवेनं फुगायचं, उशीच्या चढावर मास्क सरकायचा, वेल्क्रोत केस अडकायचे. एकेका गोष्टीवर मी इलाज शोधला. लेकीच्या बाळंतपणात आणलेल्या मऊ मलमलीचा तुकडा कापून मास्कच्या कडेला शिवला, म्हणजे रबर कातडीला लागू नये. केसांच्या दोन वेण्या घालून झोपायला लागले, या वयात. मास्कची सवय व्हावी म्हणून दुपारी शाळेतून आल्यावर, मशीन न लावता, नुसता मास्क तोंडावर चढवून मेथी निवडत बसायचे. एकदा समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी दही मागायला आल्या. मी तशीच दार उघडायला गेले, तर त्या वाटी टाकून दोन पायऱ्या खाली. नंतर आम्ही दोघी जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

एवढं करूनही सकाळी उठले की मास्क तोंडावर नसायचा. मशीनच्या शेजारी नळीवर नीट अडकवून ठेवलेला असायचा. मशीन बंद. मला काही म्हणजे काही आठवायचं नाही. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "झोपेत काढतेस तू. मी बघितलंय एकदोनदा."

"मग मला उठवायचं ना."

"तू कुठे उठतेस? कुंभकर्ण आहेस."

महिन्यानं डॉक्टरांकडे गेलो. मशीनमध्ये एक छोटं कार्ड असतं, रोज किती तास वापर झाला ते त्यावर उतरतं. डॉक्टरांनी ते कॉम्प्युटरला लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, दोन तास, पावणेदोन तास, कुठे सव्वादोन. हे काय आहे? तुम्ही शिक्षिका ना? मुलांनी गृहपाठ असा अर्धा आणला तर चालतं का तुम्हाला?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शेजारच्या खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर स्कूटरचं हेल्मेट. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "डॉक्टर, मी रोज सांगतो हिला. ऐकतच नाही."

तेव्हा मला त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. इतकी कशी मी बेपर्वा की झोपेतही माझे हात माझ्या ताब्यात नाहीत? त्या रात्रीपासून मी हातांत त्याचे हिवाळ्यातले लोकरी मोजे घालून झोपायला लागले, मास्कच्या पट्ट्याची क्लिप उघडता येऊ नये म्हणून. मे महिन्यात. सकाळी मोजे हातात आणि मास्क नळीवर. पुण्याची लेक रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दटावायची, "आई, आज मास्क काढायचा नाही हं." मी लहान मुलीसारखी हो म्हणायचे. नवऱ्याची माफीसुद्धा मागितली एकदा. वालीवच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे, सकाळी सहाला घर सोडतो. म्हटलं, "माझ्यामुळे तुमची झोपमोड होते." तो म्हणाला, "होईल सवय."

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. त्या दिवसांत कधीकधी अर्धवट गुंगीत मला केसांवर हात फिरल्यासारखं जाणवायचं. बोटं वेणीपाशी यायची, हळूच केस बाजूला करायची. तीस वर्षांच्या संसारात त्यानं असं कधी केलं नव्हतं. मी डोळे न उघडता पडून राहायचे आणि तशीच पुन्हा झोपून जायचे. आजारपणानं का होईना, माणूस हळवा झाला, असं मनात यायचं. मला आवडायचं ते.

दुसऱ्या महिन्यातही कार्डावर तेच. डॉक्टर म्हणाले, मास्कचं माप चुकलं असेल, मशीनवाल्यांकडून कुणाला तरी घरी बोलवा. एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडच्या एक बाई आल्या. चाळिशीच्या, वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. मशीन तिथेच असल्यानं त्यांना झोपायच्या खोलीत घेऊन गेले. नवरा तेव्हा कामावर होता.

"पानी कुठलं घालता ह्यात?" हवा ओलसर राहावी म्हणून मशीनला पाण्याचा डबा असतो, तो त्यांनी उघडून पाहिला. "गाळलेलं ना? बरं. आणि मशीन ह्या बाजूला का? झोपता तर तुमी त्या बाजूला."

"प्लग तिकडेच आहे. ह्यांच्या बाजूला."

त्यांनी मास्क माझ्या तोंडावर चढवला, पट्टे नीट केले, माझी शिवलेली मलमल पाहून म्हणाल्या, "हुशार हाव हो." मग कार्ड आपल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये घालून बराच वेळ बघत बसल्या. मी चहा आणला तरी बघतच होत्या.

"ताई, एक इचारू? मशीन बंद कोन करतं?"

"मीच करत असणार. झोपेत."

"तसं नाय होत." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. हिरवी सपाट रेघ होती आणि एका ठिकाणी ती कापल्यासारखी संपली होती. "झोपेत मास्क निघाला ना, तर हे मशीन सकाळपर्यंत हवा सोडत बसतं. आपोआप बंद होत नाय हे. मग इथं वाया गेलेल्या हवेची केवढी मोठी रेघ वर गेली असती. तुमचं बघा, मास्क निघाला आन लगेच बंद. बटन दाबून. रोज, साडेबारा-एकच्या सुमाराला. तुमी उठून, पलंगाला वळसा घालून इकडं येता का, बटन दाबायला?"

मी पलंगाच्या त्या बाजूकडे पाहिलं. त्या बोट सरकवत गेल्या आणि थांबल्या. "आन हे दोन दिवस बघा. सव्वासहा तास. साडेसहा तास. ह्या दिवशी काय केलंत येगळं?"

मी तारखा पाहिल्या. त्या दोन रात्री नवरा गावी गेला होता, चिपळूणला, चुलत भावाच्या मुलाच्या साखरपुड्याला. त्या दोन्ही सकाळी मास्क तोंडावरच होता आणि मला वाटलं होतं, मोज्यांचा गुण आला.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना कळलं होतं आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. निघताना दारात चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "मास्कचं माप बराबर हाय, ताई. तुमची काय चूक नाय."

त्या गेल्यावर मी पलंगावर त्याच्या बाजूला बसले. तिथून हात लांब केला की बटण बोटाखाली येतं. मी ते दाबून पाहिलं. मग केसांवरून फिरणारी ती बोटं आठवली. वेल्क्रोत अडकलेले केस सोडवत होती ती, मी जागी होऊ नये म्हणून इतकी जपून. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

तो चारला आला. हात-पाय धुतले, टीव्ही लावला. मी टीव्ही बंद केला.

"अहो, रात्री माझा मास्क तुम्ही काढता?"

तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कोण म्हणालं?"

"मशीन."

त्यानं हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "अगं, शिट्टी वाजते त्याची. कडेनं हवा येते ती थेट माझ्या मानेवर. मला पाचला उठायचं असतं. तुझी पहिली झोप झाली की काढायचो. दोन तास मिळतात ना तुला."

"मग मला सांगायचंत. मी बाहेरच्या खोलीत झोपले असते."

"तू लगेच मनाला लावून घेतलं असतंस."

"आणि डॉक्टरांसमोर? मी रोज सांगतो हिला, म्हणालात."

"मग काय सांगणार होतो तिथे?" त्याचा आवाज चढला, पुन्हा उतरला. "खरं सांगू? मला तुला तशी बघवत नव्हती. आईला शेवटी लावलं होतं ना, तसलंच दिसतं ते."

यात खोटं काही नसेलही. पण सासूबाईंना तो मास्क लावला तेव्हा अकरा दिवस त्यांच्या उशाशी मी बसले होते. त्यांचे ओठ कापसानं ओले मी करत होते. तो बाहेरच्या बाकड्यावर असायचा, आत यायचा नाही, बघवत नाही म्हणून. आम्हा सगळ्यांना ते तेव्हा हळवेपण वाटलं होतं. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "मी हातात मोजे घालून झोपत होते. तुमचे. मे महिन्यात. ते दिसत होतं ना तुम्हाला?"

त्यानं टीव्ही परत लावला.

रात्रीचं जेवण मी केलं, दोघं जेवलो. नंतर मशीन उचलून मी लेकीच्या जुन्या खोलीत नेलं. लेकीला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चुकलंच बाबांचं. पण आई, त्यांनाही झोप हवीच ना गं." तिला वाईट वाटावं असं काही मी बोलले नाही. मात्र त्यानंतर आठवडाभर मी तिचा व्हिडिओ कॉल घेतला नाही, साधा फोन घेतला, चेहरा दाखवावासा वाटेना.

वेगळ्या खोलीत मास्कनं मला एकदम सुख दिलं असं नाही. वळ उठायचा तो उठतच होता. आमच्याकडे वीज गेली की मशीन बंद पडतं आणि कोंडल्यासारखं होऊन मी धडपडत उठते, तेही चालूच आहे. पण सहा तास मिळायला लागले. पंधरा दिवसांत सकाळचं डोकं हलकं झालं. तिसऱ्या तासालाही फळ्यावरचं माझं अक्षर सरळ यायला लागलं. एके दिवशी शाळेतून चालत घरी आले तेव्हा लक्षात आलं, वाटेत कुठे टेकले नाही. आणि त्याच वेळी हेही लक्षात आलं की हे सगळं मला दोन-अडीच महिन्यांपूर्वीच मिळू शकलं असतं.

पुढच्या तपासणीला मी नवऱ्याला मुद्दाम सोबत नेलं. मनात एक आशा होती, ती कबूल करते. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि खुश झाले. "वा मॅडम! आता कसं! शेवटी मनावर घेतलंत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरही हसून त्याच्याकडेच पाहत होते. एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "हो, आता वापरते व्यवस्थित."

"डॉक्टर," मी म्हटलं, "आधीही मी काढत नव्हते. हे काढत होते. तुमच्या फाइलवर मी ऐकत नाही असं लिहिलं असेल तर ते खोडा."

डॉक्टरांनी पेन उचललं, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खरंच काहीतरी खोडलं. बाहेर पार्किंगमध्ये नवरा स्कूटरला किल्ली लावता लावता म्हणाला, "एवढं परक्या माणसासमोर बोलायची गरज होती?" मी त्याला पुढे जायला सांगितलं आणि रिक्षानं घरी आले.

आता आम्ही बोलतो, जेवतो, रविवारी कळंबला जाऊन मासे आणतो. शेजारपाजाऱ्यांना काही कळणार नाही. एकदा त्यानं विचारलं, "किती दिवस तिकडे झोपणार?" मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नाही. तो काही वाईट माणूस नाही, हे मला तीस वर्षं माहीत आहे. पण झोपल्यावर माणूस दुसऱ्याच्या हवाली असतो, आणि तेवढं मला त्याच्यापाशी आता जमत नाही. रोज वेण्या घालते, मास्क चढवते, क्लिप लावते. त्याआधी उठून दाराची कडी आतून घालते. कडीचा आवाज त्याच्या खोलीत जातो, हे मला ठाऊक आहे.