सर दुसरं भजं घेत नाहीत

खिल्लारे सरांची आणि माझी ओळख माझ्या फुटलेल्या ओठामुळे झाली. मी बोरीहून सेलूला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नुकताच आलो होतो. एसटीत जागा धरण्यावरून सुरू झालेलं भांडण मी कॉलेजच्या फाटकापर्यंत ओढत आणलं आणि तिथे मार खाल्ला. रक्त पुसत उभा होतो तेव्हा पांढऱ्या ॲप्रनमधले एक गृहस्थ आले, मनगटाला धरून मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यांनी ओठ धुतला, तुरटीचा खडा ओला करून त्यावर दाबला. मी कळवळलो.

"भांडण कुणाशी झालं ते सांगू नको, ते शिकायच्या कामाचं न्हाई," ते म्हणाले. "तुरटीनं रक्त का थांबतं ते सांग."

"माहीत न्हाई सर."

"मग उद्या सांग. ओठ तुझा हाय, उत्तर पण तूच काढायचं."

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा नसताना पुस्तक उघडलं. प्रा. दयासागर खिल्लारे सर मला असे भेटले. आज ते साठ वर्षं पूर्ण करून निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथासाठी संपादक मॅडमचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मी दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलेला माणूस आहे, तुमचा नंबर चुकला." त्या म्हणाल्या, "ज्यांनी पूर्ण केलं त्यांचे लेख भरपूर आलेत. तुझं नाव सरांनीच सांगितलं." म्हणून लिहितो आहे. प्राचार्य, डॉक्टर, अधिकारी मंडळींच्या लेखांच्या रांगेत हा लेख जरा तेलकट वाटेल, त्याला इलाज नाही.

सरांचा वर्ग पुस्तकापासून सुरू होत नसे. "आज घरून काय खाऊन आलात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग कुणाच्या डब्यातलं तिखट पाण्याच्या ग्लासात सोडायचं, ते खाली बसतं की रंग सोडत उतरतं ते बघायचं. कुणी पेढे आणले तर सर आधी आयोडीनचा थेंब टाकत. पिठाच्या भेसळीने पेढा निळा पडला की वर्गात हसू फुटे आणि आणणाऱ्याचा चेहरा उतरे. सर त्यालाच सांगत, "तू कशाला लाजतो? तुला फसवलंय. लाजायचं त्यानं." वर्तमानपत्रात बांधलेले भजे सरांसमोर आणायची कुणाची छाती नव्हती. गरम तेलात शाई सुटते आणि बातमी पोटात जाते, असं ते म्हणत.

इंधनाचं वेड त्यांना चुडाव्याहून, म्हणजे त्यांच्या गावाहून, मिळालं. तिथे त्यांच्या आई चुलीत पऱ्हाटी जाळत. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहिलेली ती वाळकी झाडं फुकट मिळत, पण धूर डोळे फोडणारा. सर एकदा वर्गात बोलून गेले, "माझ्या आईचा चेहरा मला लहानपणी धुरातूनच दिसायचा." मग लगेच फळ्याकडे वळले आणि कार्बनची साखळी काढायला लागले. पाठमोरे बराच वेळ काढत राहिले. पऱ्हाटीच्या दाबून केलेल्या कांड्या, शेणाचा गॅस, असं बरंच त्यांनी पोरांकडून करून घेतलं. पण सगळ्यात गाजलं ते इंजिन. कॉलेजच्या विहिरीवर पाणी ओढायचं जुनं डिझेल इंजिन होतं. सरांनी सेलूतल्या हॉटेलांमधून तळून तळून काळं पडलेलं तेल गोळा केलं, ते गाळून, तापवून, त्यावर प्रक्रिया करून त्याचं इंधन केलं. इंजिन सुरू झालं की सगळ्या आवाराला भज्यांचा वास येई आणि दुपारच्या तासाला पोरांची पोटं ओरडत.

आता जे लिहितो ते माझ्या जिवाजवळचं आहे.

आमच्या वर्गात बोरीचीच एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिचे वडील हा ग्रंथ वाचणार आहेत. बोरीच्या स्टँडजवळ त्यांचं भज्यांचं हॉटेल आहे. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. मी जरा जास्त मनापासून म्हणतो. प्रात्यक्षिकाला ती माझ्या समोरच्या टेबलावर असायची आणि तिच्या हातातली काचेची नळी कधी हलत नसे. माझ्या हातून तेवढ्या वेळात दोन फुटत. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात ती यायची बंद झाली. तिच्या आईला, म्हणजे मामींना, छातीचा त्रास सुरू झाला होता. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की धुरापासून लांब राहा. कढईवर उभं राहायला माणूस हवं, म्हणून मामांनी लेकीला कॉलेजातून काढून झाऱ्याजवळ उभं केलं. पुढच्या आठवड्यात मीही वह्या गुंडाळून घरी आलो. समोरची जागा रिकामी असलेल्या प्रयोगशाळेत मी कशाला जाऊ, असं माझं तेव्हाचं गणित होतं.

सर मला रागवायला आले नाहीत. एका रविवारी ते बोरीला आले, माझा विसरलेला ॲप्रन धुऊन, इस्त्री करून घेऊन. "तुझा व्हता, राहिला व्हता." एवढंच. मग म्हणाले, "चल, मामाकडं चहा घेऊ."

त्या हॉटेलाची एक रीत आहे. मामांच्या वडिलांनी, आबांनी, पेटवलेली कढई कधी कोरडी पडू द्यायची नाही. तेल कमी झालं की वर नवीन ओतायचं, तळ कधी दिसू द्यायचा नाही. तळ दिसला की बरकत गेली. ते तेल डांबरासारखं झालं होतं, आच लागताच धूर सोडायचं, भज्यांवर साबणासारखा फेस चढायचा. त्या धुरात ती उभी होती. सरांना पाहून तिने झाऱ्यासकट हात जोडले.

मामांनी सरांना कढईजवळच्या बाकावर बसवलं, प्लेट पुढे केली. सरांनी एक भजं खाल्लं.

"घ्या की सर दुसरं."

"न्हाई मामा. चव चांगली हाय. पण ह्या तेलातलं दुसरं मी खात न्हाई."

मामांचा चेहरा पडला. परत जाताना सर माझ्याशी बोलले ते मी विसरलो नाही. "माझ्या वडलांना असल्या हॉटेलात बाहेर बसून चहा मिळायचा, कप येगळा. आज मामा मला आत बसवून 'घ्या, घ्या' करायलेत आणि मी नको म्हणायलोय. लय जड जातं रे. पण खोटं खाऊन मान ठेवता येत न्हाई."

त्यांनी मला कढईतलं बाटलीभर तेल आणायला सांगितलं. प्रयोगशाळेत तेलात स्पिरिट आणि रंग दाखवणारं द्रावण मिसळून सर वरून नळीतून अल्कलीचा एकेक थेंब सोडत गेले. चांगलं तेल असेल तर लगेच गुलाबी रंग येऊन टिकतो. इथे थेंबामागून थेंब गेला तरी गुलाबी उमटायचा आणि विरून जायचा, इतकं आम्ल त्या खराब तेलात साठलं होतं. माझं डोकं फिरलं. "सर, मी आज जातो आणि कढई गटारात उपडी करतो!"

सरांनी नळी बंद केली. "तुझा राग कढईवर हाय का मालकावर?"

मी बाटलीला बूच लावत राहिलो.

"सूड उगवायला रसायनशास्त्र शिकवलं न्हाई मी. तू कढई उपडी करशील, उद्या ते तसलंच तेल करतील, आन् पोरगी तिथंच राहील. काय मिळालं?"

नंतर सर दर रविवारी सेलूहून बोरीला येत राहिले. एक चहा, एक भजं, दुसऱ्याला नाही. गावात कुजबूज झाली. "मास्तरला आपलं भजं चालंना का काय?" असं कुणीतरी मामांच्या कानात घातलं. शेवटी एका रविवारी मामाच कडाडले, "सर, माझ्या बापानं पेटवलेली कढई हाय! तिला नाव ठेवायला दर आठवड्याला येता का तुमी?"

माझ्या मुठी वळल्या होत्या. सरांनी माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मामा, आबांच्या काळात भजे रोज तळायचे का?"

"न्हाई. बाजाराच्या दिवशी फकस्त."

"तेल कुठलं?"

"घाण्याचं करडीचं. बाजार उठूस्तर कढई चाटूनपुसून खाल्ल्यावानी व्हायची. पळीभर राहायचं, तेवढं ठेवायचे आबा."

"म्हंजी आबांची कढई दर बाजाराला नवी व्हत होती. तुमची कधीच व्हईना."

सरांनी आवाज खाली आणला. "मामीला धुरापासून लांब ठेवलं, बरं केलं. तेलानंच खोकला झाला असं मी म्हणत न्हाई, ते डॉक्टरनं सांगायचं. पर धूर तर धूरच हाय."

"पोरगी तरणी हाय सर. तिला काय हुतंय?"

"मामी इथं उभ्या राहिल्या तवा काय म्हाताऱ्या व्हत्या का?"

झारा कढईच्या काठाला टेकल्याचा आवाज झाला. ती पाठमोरी होती. आतल्या खोलीतून मामी खोकत होत्या. मामांनी उठून चूल विझवली आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "आज भजे बंद. चहा प्या अन् निघा."

तेल गटारात टाकायला मात्र ते तयार होईनात. आबांची वस्तू, नालीत? सर म्हणाले, "टाकायचं कशाला? तुमी सोता घेऊन या कॉलेजात." दुसऱ्या दिवशी मामा कॅन घेऊन सेलूला आले, सोबत ती. मी मागे मागे. सरांनी स्वतः काही केलं नाही. तिला ॲप्रन दिला आणि म्हणाले, "तूच दाखव वडलांना." तिने एका भांड्यात नवीन तेल घेतलं, एकात कढईतलं. नव्यात दोन थेंबांत गुलाबी आला. जुन्यासाठी ती थेंब सोडत राहिली, इतक्या शांतपणे की मामा तेलाकडे बघायचं सोडून तिच्या बोटांकडे बघायला लागले. "घरी तर झारा आपटती ही," एवढंच ते पुटपुटले.

त्या तेलाचं इंधन व्हायला पुढे काही दिवस गेले. ते इंजिनात घातलं त्या दिवशी सरांनी मामांना मुद्दाम बोलावलं. इंजिन धडधडलं, विहिरीतून पाणी आलं, भज्यांचा वास सुटला. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "आबाची कढई चालायली की हो सर."

"चालायली. आता पोरीचं बोला."

"पाठवतो सर. सोमवारपासून पाठवतो. पर कढईवर कोण?"

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हा हाय की रिकामा."

"हा?" मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्याला राग आला तर गिऱ्हाईक तळंल!"

सगळे हसले. तीही हसली, म्हणून मला राग आला नाही.

तेव्हापासून मी कढईवर आहे. सरांनी आणून दिलेला ॲप्रन घालून भजे तळतो. गिऱ्हाइकं मला डॉक्टर म्हणतात. तेल फेसाळलं, थोड्या आचेवरच धुरायला लागलं की बाजूला काढतो, कढई घासून कोरडी करतो, कॅन भरला की सेलूला पोहोचवतो. कढईचा तळ आता सगळ्या गावाने पाहिला आहे आणि गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. मामींचा खोकला पूर्ण गेलेला नाही, पण आता त्या दुपारी बाहेर येऊन बसतात आणि माझ्या भज्यांना नावं ठेवतात. कांदा जाड, मीठ कमी, पोरगी बरं करायची. पोरगी सकाळच्या एसटीने सेलूला जाते. पूर्वी मी तिला बघायला कॉलेजात जायचो. आता तिला जाता यावं म्हणून इथे उभा असतो. एसटी वळणावर गेली की पहिला घाणा सोडतो. मामांनी मला हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. मी विचारलेलंच नाही, कारण सरांनी विचारू दिलेलं नाही.

नव्या तेलाच्या पहिल्या रविवारी सर आले होते. मामांनी प्लेट पुढे केली आणि तिथेच उभे राहिले. सरांनी एक भजं खाल्लं. थोडं थांबून दुसरं उचललं. मामांनी उपरण्याने डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या. धूर नव्हता. मी हुरळून तिसरं पुढे केलं तर सरांनी माझा हात मागे सारला.

"तिसरं तू वर्गात येशील तवा."

"सर, ती तर आली की परत."

"ती तिच्यासाठी आली. तू कुणासाठी येणार ते ठरव."

हे मला फार दिवस झोंबलं. आता तिचं शेवटचं वर्ष संपत आलं आहे. तिला पुढे एम.एस्सी. करायची आहे, म्हणजे बोरीच काय, सेलूही सुटेल. आणि सर निवृत्त होत आहेत. म्हणजे मी परत गेलो तर त्या प्रयोगशाळेत समोरच्या टेबलावर ती नसेल आणि फळ्याजवळ सर नसतील. एक जागा रिकामी दिसली म्हणून जो पोरगा पळून आला, त्याने दोन जागा रिकाम्या असताना तिथे जाऊन बसायचं. मी बराच विचार केला. मग मामांना सांगितलं. ते म्हणाले, "जा. कढई मी बघतो. मामीला न्हाई लावत, पोरीला न्हाई लावत. सोता उभा राहतो. तळ कवा दाखवायचा ते तूच शिकवलंस."

येत्या जूनमध्ये मी दुसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश घेतो आहे.

सर, गौरव समारंभाच्या दिवशी भजे तळायचं काम मी मागून घेतलं आहे. तेल नवीन असेल, कागद कोरा असेल, आयोडीनची बाटली खुशाल खिशात आणा. तुमच्या आईंनी सोसला तेवढा धूर तुमच्या वाट्याला कधी न येवो, तुमचा श्वास मोकळा राहो, रविवारची बोरीची फेरी कधी चुकू नये एवढे तुमचे पाय बळकट राहोत, आणि आमच्या पोरांच्या डब्यात काय आहे हे विचारायला तुम्ही खूप खूप वर्षं आमच्यात असा. तिसरं भजं मी गरम काढून ठेवतो आहे. या वेळी हात मागे सारू नका.

— वैभव, बोरी