गच्चीवरून पाहिलेला सामना

"काकू, तुमीच समजावा न काकाजीले! हार आणला, शाल आणली, अन ज्याले घालाची तोच माणूस नाई म्हणते!"

अंकुश दारात उभा राहून बोलत होता, पण आवाज आतल्या खोलीपर्यंत जाईल असा लावून. नाचणगावच्या नवयुवक क्लबाचा तो हल्लीचा सेक्रेटरी. पोरांनी दोन वर्षांपूर्वी हा जुना फुटबॉल क्लब पुन्हा उभा केला होता. आज संध्याकाळी सामना होता आणि सामन्यानंतर क्लबाच्या जुन्या खेळाडूचा सत्कार. जुना खेळाडू गावात एकच उरलेला, वासुदेवराव. बाकीचे कोणी नागपूरला मुलांकडे, तर बरेचसे वर.

आत रेडिओ मोठ्यानं लागला होता. तो क्षणभर बारीक झाला.

"अंकुश, तुले फायनलचं कोणी सांगतलं नाई काऊन? पेनल्टी मीच हुकवली. हुकवणाऱ्याले शाल देतेत का कुठं? जाय बावा, पोट्ट्यायले दे."

रेडिओ पुन्हा मोठा झाला.

यशोदाबाईंनी अंकुशच्या हातावर दोन लाडू ठेवले. "तू जाय. ग्राउंड काई पळून नाई चाललं."

ग्राउंड खरंच कुठं जाणार नव्हतं. घराच्या मागच्या भिंतीपलीकडं गल्ली, गल्लीपलीकडं ग्राउंड. गच्चीवर चढलं की अलीकडचा गोल अगदी पायाखाली आल्यासारखा दिसायचा. यशोदाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासरे, सगळं गाव ज्यांना बापूजी म्हणे ते, गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान चालवत. क्लबाला पहिला बॉल त्यांनीच घेऊन दिलेला. पण काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि सामन्याच्या दिवशी ते अंगणातल्या निंबाखालच्या ओट्यावर नुसते तळमळत बसू लागले. पोरांचा गलका ऐकू यायचा, पण काय झालं ते कळायचं नाही.

एकदा सून गच्चीवर तूर वाळत घालत होती. बापूजींनी खालून विचारलं, "सूनबाई, काय करून राह्यले पोट्टे?"

तिनं सांगितलं. तो दिवस आणि पुढचे सगळे सामने.

बायकांनी ग्राउंडवर जायची तेव्हा रीत नव्हती. गच्चीवर मात्र डाळ, तूर, कुरड्या यांना वर्षभर राखण लागते. तेवढं निमित्त पुरत होतं. अडचण वेगळीच होती. अर्धी टीम नात्यानं दीर नाहीतर जेठ, त्यांची नावं नव्या सुनेनं घ्यायची कशी? मग तिनंच नावं ठेवली. गोलकीपर खांबाजवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा, तो तांब्या. पुलगावच्या मिलमधून पाळी संपवून जो थेट सायकलवर यायचा आणि सायकल गोलामागं टेकवून मैदानात शिरायचा, तो सायकलवाला. बापूजींनी ही नावं दुकानात सांगितली, आणि थोड्याच दिवसांत मैदानातले लोकही "दे रे सायकलवाल्याले!" म्हणून ओरडायला लागले. टीमचे बनियन होळीच्या पळसफुलात रंगवलेले असत. होळीनंतर भगभगीत केशरी, आणि धुण्यानं विटत विटत संक्रांतीला वरणाच्या रंगाचे.

एकाच खेळाडूला तिनं नाव ठेवलं नाही. नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं, आणि त्यांना तांब्या-सायकल म्हणणं जिवावर आलं. बॉल त्यांच्या पायाशी आला की ती थांबायची. "सायकलवाल्यानं बॉल देल्ला..." मग नुसती शांतता. बापूजी खालून समजून घ्यायचे. "हं, आला वासुदेवाकडं. पुढं?"

अशी तीन-चार वर्षं गेली, आणि टीम फायनलला आली. नाचणगावातली ती पहिली फायनल आणि शेवटचीही. शेवटच्या घटकेला पेनल्टी मिळाली. पुढं काय झालं ते वासुदेवरावांनी अंकुशला सांगितलंच. त्या रात्री ते दुकानातल्या पोत्यांवर निजले. सकाळी घरात सांगून टाकलं, "या घरात आता फुटबालचं नाव काढाचं नाई." पुढं त्यांनी पायात बूट घातले नाहीत. बापूजींशी बोलणं कामापुरतं झालं आणि त्याच उन्हाळ्यात बापूजी गेले. यशोदाबाईंच्या मनात मात्र एक गोष्ट राहून गेली होती, कोणाला न सांगितलेली. गच्चीवरून त्यांनी पाहिला होता केवढा तरी मोठा उघडा गोल आणि त्यात बाहुलीएवढा गोलकीपर. एवढ्या गोलात बॉल घालायला असं काय लागत होतं?

आता वासुदेवरावांचीही नजर गेली होती. तोच काचबिंदू.

संध्याकाळी शिट्टी ऐकू आली. यशोदाबाईंनी पदर खोचला आणि गुडघ्यांना शिव्या घालत त्या गच्चीवर चढल्या. किती वर्षांनी!

"टॉस झाला होऽऽ!" त्या वरून ओरडल्या. "आपल्यायनं गावाकडला गोल घेतला!"

खाली रेडिओ चालूच.

"आपले निळे. काय ते कपडे, चड्ड्या पार गुडघ्याखाली! एका पोट्ट्यानं डोक्यावर कोंबड्यावानी तुरा ठेवला!"

रेडिओ बंद झाला. बऱ्याच वेळानं काठीची टकटक अंगणात आली. वासुदेवराव चाचपडत निंबाखालच्या ओट्यावर बसले. बापूजींच्याच जागी.

"खेळते कसा?" त्यांनी विचारलं.

"कोन?"

"तो कोंबडा."

"तुरा सांभाळत खेळते."

"अवं, नीट सांग!"

मग यशोदाबाईंनी नीट सांगितलं. बॉल डावीकडून आला की त्या गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात जात, उजवीकडून आला की उजव्या. गुडघे विसरले गेले. शेजारच्या सुलोचनाबाई कपडे काढायला त्यांच्या गच्चीवर आल्या होत्या. "वैनी, अंगात आलं का तुमच्या?" त्यांनी विचारलं, आणि मग त्याही कठड्याला टेकून पाहत बसल्या.

हाफटाइमला गोल बदलले. सामना बरोबरीत, आणि शिट्टी वाजली. मोठी, लांब.

"पेनल्टी," यशोदाबाई म्हणाल्या. मग आवाज जरा उतरला. "आपल्याले."

खाली वासुदेवरावांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"कोंबडा मारून राह्यला. बॉल ठेवला. मागं सरला..."

धाडकन आवाज झाला. पाठोपाठ सगळ्या ग्राउंडचा हाय करून सुस्कारा.

"वरून गेला. सुलोचनाबाईच्या अंगणात पडला."

"माया बी तिथंच पडलता," वासुदेवराव म्हणाले.

सुलोचनाबाई बॉल द्यायला खाली गेल्या.

"पोट्टा काय करून राह्यला?"

"खाली बसला. डोकं गुडघ्यात."

"बापूजी इथंच बसून होते त्या दिवशी." काठी जमिनीवर एकदा आपटली. "काय म्हणाले?"

यशोदाबाई कठड्याजवळ आल्या. वरून त्यांना फक्त नवऱ्याचं टक्कल आणि काठीवरचे दोन हात दिसत होते.

"कोन मारली म्हणून इचारलं त्याहिनं. मी गप्प. पुन्हा इचारलं, मी गप्पच. मंग हसले."

"हसले?"

"हसले. म्हणे, समजलं. सूनबाई, खाली ये अन पाणी तापव. त्याच्या पायावर पाय पडला व्हता न, लंगडून राह्यला म्हणली तू मघा. सुजला असन. पाण्यात मीठ टाकजो म्हणे."

वासुदेवरावांचं तोंड वर झालं. आवाजाच्या दिशेनं.

"ते पाणी बापूजीनं सांगतलं व्हतं?"

"मंग? मले कुठं तेवढी अक्कल व्हती तवा? मी त तोंडाले पदर लावून रडत व्हती."

"मी त्या घंगाळाले लाथ मारली."

"मारली. अंगणभर पाणी. तुमी तणतणत दुकानात गेले. बापूजीनं आवाज आयकला अन म्हणे, राहू दे, दुसरं तापवून ठेव. रातभर चुलीवर होतं ते."

ग्राउंडवर सामना संपल्याची शिट्टी झाली ती यशोदाबाईंनी सांगितली नाही.

"मले वाटे," वासुदेवराव हळूच म्हणाले, "बुढा माया नावानं खंत करत गेला. माही लाज वाटून गेला." मग एकदम, रागानं, "एवढी वर्षं सांगतलं काऊन नाई?"

"तुमीच म्हणले, घरात नाव काढाचं नाई. अन मले वाटलं, तुमाले माईत असन. बाप तुमचा व्हता."

यशोदाबाई जिना उतरू लागल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. शेवटच्या पायरीवर पोचल्या तेव्हा वासुदेवराव ओट्यावरून उठून उभे होते.

"माया पांढरा सदरा कुठं हाय?"

गल्ली ओलांडली आणि यशोदाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या ग्राउंडवर पाय ठेवला. गच्चीवरून जे गवत वाटे ते निव्वळ माती आणि काटेरी गोखरू होतं. अंकुश पळत आला, खुर्ची आली, हार आला. वासुदेवरावांनी तो गळ्यात घालून घेतला, पण बसले नाहीत. "मले पेनल्टीच्या जागेवर ने," ते बायकोला म्हणाले.

चुन्याचा ठिपका मघाच्या धडपडीत अर्धा पुसला होता. त्यांनी चपला काढून त्यावर पाय ठेवले. समोर धीरज, पलीकडच्या टीमचा गोलकीपर, हातमोजे उतरवत खांबांच्या मधोमध उभा होता. यशोदाबाईंनी पाहिलं. धीरजचे खांदे, त्याचे लांब हात, दोन्हीकडं उरलेली वीत वीत जागा. त्यांनी वळून आपल्या गच्चीकडं पाहिलं. मग पुन्हा समोर.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"इथून तं लय लहान दिसते गोल."

वासुदेवरावांनी हारातली एक पाकळी बोटांत चुरगाळली. समोर न दिसणाऱ्या खांबांकडं तोंड करून ते उभे होते.

"मलेबी तवा लहानच दिसला व्हता," ते म्हणाले.