चोरखमाऱ्याची वाट आणि मी निवडलेलं हेल्मेट

आधीच सांगून ठेवते, हे मी रागात लिहितेय. चोरखमाऱ्याच्या तलावाचे फोटो पाहायला आला असाल तर ते नाहीत. मोबाइल त्या दिवशी दुसऱ्याच कामाला लागला.

माझी मोठी बहीण वत्सलाताई अंगणवाडी सेविका आहे, वय एक्कावन्न. जिजाजी होते तोवर त्यांच्या मागे बसून फिरली. ते गेल्यावर पोराच्या, म्हणजे पंकजच्या मागे. त्याला सवड असेल तेव्हाच हिचं जाणं. बाजार, मीटिंग, माहेर, सगळं त्याच्या मर्जीवर. शेवटी वैतागून २०१६ साली तिने स्वतःच्या पैशाने बॅटरीवरची स्कूटर घेतली. ही गाडी पंचवीसच्या वर पळत नाही, म्हणून लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही. विकणाऱ्याने वर हसून सांगितलं, "दीदी, हेल्मेट का भी झंझट नहीं."

माझं डोकं तिथेच फिरलं. डांबर काय लायसन पाहून लागतं का? सायकलवरून पडलेली माणसं मी शाळेत रोज पाहते. मास्तरीण आहे मी, गुडघे फुटलेली पोरं माझ्याचकडे येतात. त्या माणसाला मी दुकानात चारचौघांसमोर झापलं. ताई मला घरात सुनी म्हणते. बाहेर येऊन म्हणाली, "सुने, तू भांडाले आली का गाडी घ्याले?"

पंकजला ही गाडीच मान्य नव्हती. त्याने अट घातली, "एकदा जरी पडली ना आई, तं चावी माह्यापाशी. मंग मांगायची नाई." ताईने अट कबूल केली आणि त्याच दमात जाहीर केलं, की आपण चोरखमाऱ्याला जाणार. लहानपणी बाबा तिला सायकलच्या दांडीवर बसवून तलाव दाखवायला घेऊन गेले होते. आता ती स्वतः चालवत जाणार होती. मी माझ्या पेट्रोलच्या स्कूटीवर तिच्या मागे. म्हणजे ही सहल नव्हती, परीक्षा होती. पडली की चावी गेली.

म्हणून निघण्याआधी एक अख्खी दुपार सामान घेण्यात घालवली. तुम्हीही बॅटरीची गाडी घेणार असाल तर हा भाग नीट वाचा. बाजारात "लेडीज हेल्मेट" म्हणून जे मिळतं ती गुलाबी टोपी असते, कान उघडे, मागून मान उघडी. दीडशे-पावणेदोनशेला मिळते आणि तेवढ्याच लायकीची असते. वर आयएसआयचा स्टिकर असतो. मी नखाने खरवडला तर तो सफरचंदावरच्या स्टिकरसारखा निघून हातात आला. हातमोजे मागितले तर सनकोटासोबत घालायचे पांढरे सुती मोजे पुढे केले. "हे उन्हाचे आहेत, मला पडल्यावरचे पाहिजेत," म्हटलं तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, लेडीज लोग गोरा रहने के लिए लेते हैं." तळव्याला चामडं असलेले मोजे शेवटी हार्डवेअरच्या दुकानात मिळाले, वेल्डिंगवाल्यांचे. गुडघ्याचे पट्टे खेळाच्या दुकानात. मागून पट्टा असलेल्या सँडल ताईकडे होत्याच. साडी नको, सलवार घाल, हे पटवायला मात्र अर्धा तास गेला.

हेल्मेट चौथ्या दुकानात घेतलं. पूर्ण तोंड झाकणारं, अकराशेचं, चांगलं वजनदार. ताईने आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखा दुपट्टा बांधलेला होता, डोक्याभोवती दोन फेरे, तोंडावरून एक, मागे गाठ, आत अंबाडा. त्यावरून तिने हेल्मेट घालून पाहिलं. मधला साइज बसेना, म्हणून मोठा घेतला. म्हातारा दुकानदार म्हणाला, "दुपट्टा निकालके देखो मॅडम. ऐसे में साइज का पता नहीं चलता."

आधीच्या तीन दुकानांचा राग माझ्या नाकावर होता. मी म्हटलं, "मार्च महिन्यात बोडख्या डोक्याने कोण फिरतं इथे? हम ऐसे ही पहनेंगे." त्याने मोठा साइज पिशवीत घालून दिला.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला गोंदियाहून निघालो. तिरोडा तीस-बत्तीस किलोमीटर. माणसं हे अंतर पाऊण तासात कापतात, आम्हाला पावणेदोन तास लागले. ताई पंचवीसने पुढे, मी मागे, आणि आमच्या मागे ट्रकांचे हॉर्न. एक मोटारसायकलवाला पोट्टा शेजारी येऊन म्हणाला, "काकी, पैदल चाला, लवकर पोचसान." ताईने मान वळवली नाही. मीच त्याला जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. एकोडीला थांबून तर्री-पोहे खाल्ले, वीस रुपये प्लेट, तर्रीने नाक वाहायला लागलं. टपरीवाल्याने ताईचे वेल्डिंगचे मोजे पाहून विचारलं, "कायचं काम करता बाई?" ताई म्हणाली, "गाडी चालवतो."

इतकी ताठ बसलेली ताई मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

बॅटरीच्या गाडीने फिरायचं तर मुक्काम ओळखीच्या घरी ठेवा, कारण चार्जिंगला सात-आठ तास लागतात आणि रस्त्यात कुणी प्लग देत नाही. तिरोड्याला आमची मावसबहीण शालू राहते. तिच्या ओसरीत गाडी लावली, खिडकीतून वायर घेतली. रात्री तिने तांदळाची भाकर, वांगं आणि सुक्या झिंग्यांची चटणी केली. शालूचा नवरा म्हणाला, "एवढ्या लांब कायले तरास घेता? मी जीपनं सोडून देलो असतो." मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईच म्हणाली, "म्हनूनच तं घेतली गाडी, भाऊजी. कोनी सोडून देऊ नये म्हनून."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. तिरोड्यातून बाहेर पडलं की मोठ्या गाड्या कमी होतात आणि पुढे जंगल सुरू होतं. मोहफुलांचा हंगाम होता. झाडांखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या आणि हवेत तो गोड, जरासा आंबूस वास. रस्ता बरा आहे, पण गावागावात लोकांनी आपल्याच मर्जीने गतिरोधक टाकलेत, ना पट्टे ना पाटी. तलाव मात्र डोळे निवतील असा. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढून ताई उभी राहिली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला त्याच पाण्यावरचं उन्हाळी धान, हिरवंगार. मग ती खाली उतरली, दुपट्टा सोडून पाण्यात बुडवला, तोंड पुसलं. म्हणाली, "बाबा अठीच बसले होते. मले म्हने, आता तूच चालवत ने मले घरी. माहे पाय पुरले नाई पायडलाले."

दोन तास बसलो. शालूने दिलेला डबा खाल्ला. निघताना दुपट्टा ओलाच होता, म्हणून ताईने तो डिक्कीत टाकला आणि हेल्मेट तसंच मोकळ्या डोक्यावर घातलं. मी स्वतः तिच्या हनुवटीखाली बकल लावलं, ओढून पाहिलं. ती म्हणाली, "हालून राहिलं वो जरासं." मी म्हटलं, "चालते. घातलं आहे ना?"

चालते म्हणाले मी. पावणेदोनशेच्या टोपीवरून जगाला अक्कल शिकवणारी मी.

वाटेतल्या एका गावाशी सकाळी आम्ही ज्याच्यावरून सावकाश उतरलो होतो, तोच गतिरोधक परत येताना सावलीत होता. ताईला दिसला नाही. वेग वीस-बावीस असेल. पुढचं चाक उडालं, गाडी आडवी, ताई डाव्या अंगावर. आणि तिच्याही पुढे, रस्त्यावरून गरगरत, हेल्मेट एकटंच गेलं आणि कडेच्या धानाच्या बांधीत पडलं.

मोहफुलं वेचणाऱ्या बायका धावत आल्या. ताई उठून बसली होती. हात शाबूत, गुडघे शाबूत, मोजे फाटले पण तळवे धड. कानाच्या वर मात्र रक्त, केस भिजलेले. एका बाईने पदर फाडून डोक्याला बांधला. दुसरीने बांधीतून हेल्मेट आणून दिलं. मी हातात घेतलं तर बकल लागलेलंच होतं. मी लावलं होतं तसंच, घट्ट.

शालूच्या नवऱ्याला मोबाइल लावला. तो जीप घेऊन आला. म्हणजे शेवटी जीपच. तिरोड्याच्या दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "हेल्मेट नव्हतं का, बाई?" ताई म्हणाली, "होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हातातलं हेल्मेट दाखवलं. "मग लागलं कसं?" बाहेर बाकावर बसून मी माझा स्वतःचा दुपट्टा सोडला, ते हेल्मेट डोक्यात घातलं, बकल लावलं आणि मान खाली घातली. ते घसरत नाकावर आलं. मागून बोटाने उचललं तर हनुवटीवरून सुटून मांडीवर पडलं.

दुकानदाराचं वाक्य तेव्हा आठवलं. आम्ही हेल्मेट ताईच्या डोक्याच्या मापाचं घेतलंच नव्हतं, दोन फेरे दुपट्टा आणि अंबाड्याच्या मापाचं घेतलं होतं. आणि सांगणाऱ्याला मीच गप्प केलं होतं.

सहा टाके. डोक्याचा फोटो काढला, आत काही नाही निघालं. संध्याकाळी पंकज गोंदियाहून मोटारसायकलवर शालूच्या घरी आला, तोंड लाल. आईला पाहिलं, पाणीही प्यायला नाही, हात पुढे केला. "चावी दे आई. बोलनं झालं होतं आपलं."

"तिची चूक नाही," मी म्हटलं. "हेल्मेट मी निवडलं. ढिलं होतं. ती म्हणत होती ढिलं आहे, मीच चालते म्हटलं." मला वाटलं तो माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हात पुढे करून उभा.

ताईने उशीखालून चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "घे. बोलनं झालं होतं. आता तुही चावी ठेव अठी."

"माही काऊन?"

"तुहं हेल्मेट कोठी आहे?"

ते त्याच्या कोपरात अडकलेलं होतं. गोंदियाहून तिरोड्यापर्यंत तो तसाच आला होता, नाक्यावर पोलिस दिसला तर घालायला म्हणून. ताई म्हणाली, "मी डोक्शात घालून पडलो. तू कोपरात घालून फिरतोस. कोनाची चावी पयले काढाले पाहिजे, सांग."

मग तिची चावी त्याने तिच्या उशीशी ठेवली आणि पाणी मागितलं.

तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास टेम्पोतून, दोघींच्या गाड्या मागे दोराने बांधलेल्या. टाके असताना हेल्मेट घालता येत नाही आणि हेल्मेटशिवाय चालवू देणार नाही, यावर तिघांचंही पहिल्यांदाच एकमत झालं. ताई वाटभर चिडलेली होती. एकोडीची टपरी मागे पडली तशी म्हणाली, "अर्धंच झालं ना वो."

जखम पूर्ण भरली तेव्हा आम्ही त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो. ताईने भर बाजारात दुपट्टा सोडला, अंबाडा सोडून खाली सैल वेणी घातली. त्याने कपाळाभोवती टेप धरला आणि लहान साइज काढला. गाल दाबले जात होते. त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर हेल्मेटसोबत ताईचं डोकंच हललं. "ऐसा होना," म्हणाला. उन्हासाठी त्याने पातळ सुती टोपी दिली, आतून घालायची, चाळीस रुपये. एवढी साधी गोष्ट.

मी वाट पाहत होते की हा आता म्हणेल, मैंने तो बोला था. तो म्हणेना, त्याचाही मला राग आला. शेवटी मीच म्हटलं, "बोलो ना. बोला था ना आपने."

बिल फाडता फाडता तो म्हणाला, "बोला था. फिर बेच भी तो दिया."

ताई आता रोज गाडी चालवते आणि पंकज हेल्मेट डोक्यात घालतो, निदान आईच्या गल्लीत तरी. ते मोठं हेल्मेट माझ्या घरी खुंटीवर आहे. कुणी हेल्मेट घ्यायला निघालं की मी त्याला दुपट्टा, रुमाल, टोपी काढून ते घालायला लावते आणि मान खाली घाल म्हणते. घालायला बकल उघडावं लागत नाही. लावलेलंच आहे, आणि तरी ते प्रत्येकाच्या डोक्यात सरळ जातं.