गणपत गुरवाचा ओला हात

गणपत गुरव हाताला पाणी किती लावतो, यावर गावातली निम्मी कामं अडलेली असत, आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

कोणी गाऱ्हाणं घेऊन देवळात आलं की तो देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, काजूची बाग विकायची, सगळं त्या कौलावर. कौल लावायला गणपतला बापाने शिकवलं. पण पाणी जास्त लावलं की पाकळी तासभर बसते आणि कमी लावलं की घटकाभरात गळते, हे तो आपलं आपणच शिकला.

लबाडी म्हणाल तर म्हणा बापडे! पण त्याने कुणाचं वाईट केलं नाही. हौसाबाईचा नातू तापाने फणफणला, तरी ती डॉक्टरचं नाव काढू देईना. गणपतने उजवीकडे पाणी कमी लावलं, देवाने डॉक्टरला होकार दिला आणि पोर वाचलं. तीस वर्षं हे चाललं. बायकोलाही त्याने सांगितलं नाही, आणि तेच नडलं.

शिमगा झाला आणि बायकोच्या, सुगंधाच्या छातीत गाठ निघाली. ओरोसच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिन्याच्या आत काढा, नाहीतर हाताबाहेर जाईल. सुगंधा म्हणाली, देवाला विचारल्याशिवाय अंगाला सुरी लावून घेणार नाही. आता गुरवाने स्वतःच्या घरचा कौल स्वतः लावायचा नाही, हा तिथला शिरस्ता. म्हणून लावला चुलतभाऊ गुरुदासने. तो बिचारा सरळ माणूस, दोन्हीकडे सारखंच पाणी लावलं. मुंबईकरांनी दिलेला पंखा डाव्या अंगाने वारा घालत होता. उठावं आणि तो बंद करावा, असं गणपतच्या फार मनात आलं. पण सगळे बघत होते, त्याचा पाय उचलेना. डावी पाकळी पडली.

पुन्हा लाव, असं तो गुरुदासला म्हणाला. देवाला दोनदा विचारत नाहीत, असं म्हणून सुगंधा पदर सावरत घरी निघून गेली.

त्याने पंधरा दिवस हातापाया पडून पाहिलं. शपथा घातल्या, रागावला, जेवण टाकलं. ती हूं की चूं करीना. गाठ वाढतच होती. शेवटी एका दुपारी ती सुपात तांदूळ निवडत बसली असताना त्याने समोर बसून सगळं ओकून टाकलं. पाणी, पंखा, हौसाबाईचा नातू, सगळं. ते ऐकताना तिचा हात सुपातच थांबला. आता ही उद्याच ओरोसला चल म्हणेल, असं वाटून त्याला केवढं हलकं वाटलं!

"तीस वर्सां देवाच्या नावान तुमीच बोललात?" तिने विचारलं.

"लोकांच्या बऱ्यासाठीच गो."

"म्हणानच ही गाठ माका इली," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या हाताची शिक्षा आसा ती. आता ती कापून खंय टाकतलात?"

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात गेला तेव्हा सुगंधा त्याच्या आधीच खांबाला टेकून बसली होती. थोड्या वेळाने खालच्या वाडीतली दिव्या आली. तिची चार वर्षांची मुलगी खांद्यावर मान टाकून होती, डोळेही उघडत नव्हती. डॉक्टरकडे न्यायची तर उजवी, घरीच अंगारा लावायचा तर डावी, एवढं देवाने सांगावं, असं गाऱ्हाणं दिव्याने घातलं.

गणपतने पाकळ्या घेतल्या, हात तांब्यात बुडवला. मग सुगंधाकडे बघितलं. ती त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होती.

त्याने दोन्हीकडे सारखंच पाणी लावलं आणि तो मागे सरला. डाव्या अंगाने पंखा फिरत होता.