एकट्यानं बघितलेलं

सोपानकाका गेल्याचं मला एका फोटोवरून कळलं आणि तो फोटो मी लगोलग खोटा ठरवून टाकला. सूसच्या आमच्या सोसायटीतून ऑफिसला निघत होते, हेल्मेट हातात होतं, तेवढ्यात त्यांच्या जुन्या भाडेकरूंच्या ग्रुपवर तो आला. हार घातलेली चौकट, मागे निळे ढग, दोन्ही बाजूंना समया आणि मधोमध काका. अंगात कोट, गाल गुळगुळीत आणि दोन्ही डोळे लख्ख. आता काकांनी जन्मात कोट घातला नव्हता. शिवाय लहानपणी डाव्या डोळ्यात भाताचं धाट घुसल्यापासून तिथे पांढरा ठिपका होता, तो भरे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरते, शंका घेणं हा माझा पगारी धंदा आहे. म्हटलं, कुणीतरी टवाळाने चावटपणा केलाय, काकांनाच सांगावं, म्हणजे ते त्याची चांगली हजेरी घेतील. तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या नंबरवर फोन लावला. काकूंनी उचलला.

"व्हय गं अर्चना," त्या म्हणाल्या. "काल सांजच्याला गेले. चा पिता पिता. तू कुटं हायेस?"

फोटो बनवलेलाच होता... बातमी खरी होती. काकांचा एकही 'चांगला' फोटो नव्हता म्हणून पुतण्याने मोबाइलला सांगून हा करून घेतला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं, तरी मला त्याचा राग आला आणि आज इतक्या आठवड्यांनंतरही तो गेलेला नाही. काकांना मूलबाळ नव्हतं, सगळं क्रियाकर्म त्यानेच केलं, म्हणून मी गप्प राहिले.

मी लातूरकडची. हिंजवडीत नोकरी लागल्यावर तिथल्या गजबजाटाला विटून भरे गावात खोली बघत होते. मैत्रिणीने काकांच्या खोलीचे फोटो पाठवले, मला ते आवडले आणि मी फोनवरच सांगितलं की खोली नक्की. पलीकडून काका म्हणाले, "फोटोत बघितलीस म्हंजी काय बघितलीस? ये हितं. नळ सोडून बघ, भिताडाला हात लावून बघ. पावसाळ्यात मागल्या भिताडाला ओल येती, ती फोटोत दिसायची न्हाई." स्वतःच्या खोलीची ओल स्वतः होऊन सांगणारा घरमालक मला तोवर भेटला नव्हता. साहजिकच मला संशय आला. यात काहीतरी गोम असणार असं धरून मी गेले, नळ सोडला, भिंत चाचपली, आणि पुढे लग्न होऊन सूसला जाईपर्यंत त्याच खोलीत राहिले. ओल खरंच यायची. काका दर पावसाळ्यात येऊन ती बघायचे, मान हलवायचे आणि काहीही न करता निघून जायचे. ते संत वगैरे अजिबात नव्हते.

बांधाची गंमत मला तिथेच कळली. काकांच्या भातखाचराला लागून विलासचं रान. विलास वयाने काकांपेक्षा बराच लहान, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. दर वर्षी भाताचं रोप टाकायच्या आधी हे दोघं मिळून बांध चालायचे. या टोकाच्या दगडापासून ओढ्याकाठच्या दगडापर्यंत, भर दिवसा, हळूहळू. दगड जागेवर आहेत, ओढा मोकळा आहे, एवढंच बघायचं. मागून काकू किटलीतून चहा घेऊन जायच्या. मी एकदा विचारलं, की तुमचा एकमेकांवर एवढा भरवसा आहे तर हे कशाला? "भरवसा हाय म्हून तर जातुया," काका म्हणाले. "भरवसा तुटल्यावं मोजणीवाला आणावा लागतुया. आन एकट्यानं बघितलेलं काय कामाचं? दोघांनी बघितलं का वाद न्हाई." मला हे एकदम पटलं, कारण आमच्याकडेही असंच असतं. मला चूक सापडली म्हणून भागत नाही. ज्याने ती केली त्याला शेजारी बसवून ती पुन्हा घडवून दाखवावी लागते. मी हे सांगितल्यावर काकांना फार आनंद झाला. त्यानंतर ते मला 'आमच्या बांधावरची' म्हणायला लागले.

मग काकांच्या हातात मोठा फोन आला, आणि पाठोपाठ ते फोटोही. शाळेच्या भिंतीवर ऐटीत बसलेला बिबट्या, ज्याला पाच पाय होते आणि तरी गावाने दोन दिवस पोरं घरात ठेवली. मग धरणाचं देऊळ. काकूंचं माहेर मुळशीचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की कधी कधी बुडालेल्या जुन्या घरांची जोती उघडी पडतात, हे त्या नेहमी सांगायच्या. एका उन्हाळ्यात फोटो फिरला, की पाण्यातून अख्खं सोनेरी देऊळ वर आलंय आणि त्याच्या पायऱ्यांवर दिवे लागलेत. पाण्याखालून वर आलेले दिवे विझलेले कसे नाहीत, हे मी विचारून पाहिलं. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने गाडी काढली. तिथे गेलो तर चिखल, भेगाळलेली जमीन, लांबवर पाणी आणि अर्ध्या पुण्याच्या गाड्या. देवळाचा पत्ता नाही. काकू हिरमुसल्या, पण काका काठावरच्या माणसांकडे बघत बसले. लोक पाण्याकडे पाठ करून आपले फोटो काढत होते. संध्याकाळी घरी आलो तर त्यातल्याच काहींचे फोटो फिरत होते आणि त्यांच्या मागे ते सोनेरी देऊळ उभं होतं, दिव्यांसकट.

काका बराच वेळ ते फोटो बघत राहिले. "न बघता खोटं सांगणारी लई बघितली," ते म्हणाले, "ही तर सोता जाऊन, बघून आल्याली मानसं हायेत..." मला वाटतं त्यांना तेव्हाच भीती वाटली असावी. मी मात्र हसण्यावारी नेलं.

मी सूसला राहायला गेल्यानंतरची गोष्ट. विलासने ओढ्यालगतचा आपला वरचा तुकडा प्लॉटिंगवाल्यांना दिला. गावात आता हे रोजचंच, त्यात नवल काही नाही. पण दिवाळीनंतर काका रानात गेले तर ओढ्यात डंपरने भराव टाकलेला. फुटक्या फरशा, सिमेंटची ढेकळं, लाल माती. ओढा बुजला तर पावसाळ्यात वरचं सगळं पाणी सरळ त्यांच्या खाचरात येणार आणि रोपं वाहून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. काकांनी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ओढा बुजिवला हाय. पावसाच्या आदी मोकळा करा.' त्यावर पहिलं उत्तर विलासचं आलं. 'काका, तुमी बी एआय शिकला का?' आणि पुढे हसणारे चेहरे. मग सगळ्यांनीच हसणारे चेहरे टाकले. कुणी पाच पायांच्या बिबट्याला त्या भरावावर बसवून दिलं. तो फोटो मात्र खरंच छान जमला होता.

काका थेट सूसला माझ्या दारात आले. फोन पुढे करून म्हणाले, "तू काम्प्युटरवाली हायेस. ह्यास्नी सांग, ह्यो खरा हाय म्हून." मी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा तपासला, आणि तो खरा असल्याचं त्यांच्याच फोनवरून, माझं नाव घालून, ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'भाडेकरीण घरमालकाच्याच बाजूनं बोलणार.' मी चिडून आणखी काही लिहिणार होते, पण काकांनी फोन काढून घेतला. म्हणाले, "जाऊ दे. फोटूनं काय हुतंय? विलासला घिऊन जातो, त्यो बघंल." त्यांना अजून वाटत होतं की विलासला खरं माहीत नाही.

ते रोज सकाळी विलासच्या दारात जायचे. "चल, बघून येऊ." विलासला कधी कामावर जायचं असायचं, कधी पाहुणे असायचे, कधी कंबर धरलेली असायची. ओढा त्याच्या घरापासून बिडी ओढून होईपर्यंत येईल एवढ्या अंतरावर! काकूंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या ग्रुपवरच्या एकालाही फोटो खोटा वाटला नव्हता. खोटा म्हणणं सोयीचं होतं, इतकंच. जाऊन बघितलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मी आयुष्यभर शंका घेतली ती खरं काय ते सापडावं म्हणून. हे लोक शंका घेत होते ती खरं सापडू नये म्हणून. माझंच हत्यार कुणीतरी उलटं धरून वापरावं तसा मला संताप आला. काका मात्र संतापले नाहीत, ते नुसते खचले. "विलास म्हनला, मी खोटं फोटो बनवतो," एवढंच ते परत परत म्हणायचे. आणि मग एका संध्याकाळी चहा पिता पिता...

दशक्रियेला मी गेले. नदीकाठी माणसं बरीच होती, भाषणंही बरीच झाली; 'गावाचा आधारवड' हे शब्द तर ज्यांनी हसणारे चेहरे टाकले होते त्यांच्याच तोंडून ऐकले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेला दिसत होता, पण खाली येईना. पुतण्या म्हणाला, काकूला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, शेती पडीक ठेवणार नाही. कावळा ढिम्म. मला या कावळ्याच्या प्रकरणावर काडीचाही विश्वास नाही. एवढी माणसं मोबाइल रोखून उभी असल्यावर कुठला शहाणा पक्षी खाली येईल? पण काकू उठल्या, गर्दीतून वाट काढत विलाससमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्यास्नी काय पायजे हुतं ते तुला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "बोल."

विलासने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांचे मोबाइल आता त्याच्याकडे वळले होते. मग हात जोडून, अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाला, "काका, वड्यावं जाऊन बघतो." कावळा लगेच आला असं नाही. लोक चुळबुळ करायला लागले, एकदोघं निघूनही गेले, आणि मग तो खाली उतरला. काकू तोंडाला पदर लावून रडायला लागल्या आणि मीही रडले. विश्वास नसला म्हणून रडू यायचं थांबत नाही.

पुतण्याने कावळा शिवल्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारी काकांच्या घरी बसलो होतो तर काकूंनी काकांचा फोन माझ्या हातात दिला, "काय लिवलंय वाच." गावातल्याच, पण मुंबईला राहणाऱ्या एकाने विचारलं होतं, 'एआय हाय का रं? कावळा लईच शिस्तीत आलाय.' खाली दोन-चार हसणारे चेहरे. आणि त्याखाली विलासचं उत्तर. 'मी तितं हुतो. माझ्या डोळ्यानं बघितलंय. कुणी खोटं म्हनायचं काम न्हाई.'

मी वाचून दाखवलं. काकूंनी पुन्हा वाचायला लावलं. मग चपला घातल्या, फोन माझ्याकडून घेतला आणि तशाच निघाल्या. मी मागे. विलास दारातच बसला होता. काकूंनी फोन त्याच्यापुढे धरला. "ह्ये तूच लिवलंस न्हवं? मग ऊठ."

तो उठला. तिघं चालत गेलो. बांधाच्या टोकाला पोहोचल्यावर त्याने सवयीने खिशातून मोबाइल काढला. काकू म्हणाल्या, "फोटू न्हाई काढायचा. बघ." तो बघत राहिला. ओढ्याची जागा फरशांच्या ढिगाखाली गेली होती आणि एका कडेने हातभर रुंद ओलसर चर तेवढी उरली होती.

"पाइप टाकनार म्हनलं हुतं त्ये," विलास म्हणाला.

"टाकला?"

"न्हाई."

काकूंनी ढिगाकडे बोट केलं. शेवटी तोच म्हणाला, "बुजलाय, काकू. वडा बुजलाय."

"हितं मला सांगून काय करू? ग्रामसभेत म्हन."

"म्हनतो की," विलास म्हणाला.

हा 'म्हनतो की' मला चांगला ओळखीचा आहे. आमच्या ऑफिसात 'बघतो की', 'करतो की' ऐकून माझे कान किटलेत, त्यावर मी कधीच विसंबत नाही. काकूही विसंबल्या नसाव्यात, कारण परतताना त्यांनी मला फक्त ग्रामसभा कधी आहे ते विचारलं. ती आता येत्या आठवड्यात आहे, पावसाला अजून अवकाश आहे. विलास उभा राहील की ऐन वेळी त्याची कंबर धरेल, देव जाणे. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे. मला तिथे मत नाही, पण बसायला कोण नको म्हणतंय? काकूंच्या शेजारी पुढेच बसेन. तो बोललाच, तर 'आम्ही ऐकलंय' असं म्हणायला काकूंच्या जोडीला दुसरं कुणीतरी हवं.